दुखत असताना घेतलेला निर्णय

दाढ ठणकत असली की माणूस कशालाही हो म्हणतो. एरवी मोबाइल घ्यायचा तर एम. जी. रोडवरची चार दुकानं पालथी घालणारा, दहा जणांना विचारणारा, पुन्हा पहिल्या दुकानात येऊन दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणारा गृहस्थ रात्रभर गाल धरून बसला, की सकाळी डेंटिस्टच्या खुर्चीत त्याचं एकच म्हणणं असतं: 'जे लवकर होईल ते करा.' दाढ वाचवायची की काढायची, कॅप कसली बसवायची, खर्च किती, यातलं काहीही तो विचारत नाही. महिन्याभराने त्यालाच कळत नाही की आपण हे विचारलं कसं नाही.

बायको म्हणते घाबरट, मित्र म्हणतात बावळट. मला दोन्ही पटत नाही. वेदनेत माणसाची अक्कल जात नाही, त्याच्यासमोरचा प्रश्न बदलतो. एरवी प्रश्न असतो, 'माझ्यासाठी बरं काय?' दुखायला लागलं की प्रश्न उरतो, 'यातून सुटणार कधी?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाहिलं, तर त्याचा निर्णय अगदी तर्कशुद्ध असतो.

हे होतं कसं, ते पाहू. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. दोन्ही वेळा एक गोष्ट कायम राहिली: वेदना हा शरीराच्या संवेदनेचा आणि भावनेचा मिळून झालेला अप्रिय अनुभव आहे. कुठे दुखतंय, किती दुखतंय हा झाला एक भाग. 'हे नको, थांबव' हा दुसरा. मेंदूत या दोन्हींसाठी काहीशी वेगवेगळी जाळी काम करतात, आणि निर्णयावर स्वार होतो तो मुख्यतः दुसरा भाग.

वेदनेवर संशोधन करणाऱ्या रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. जखमेकडून निघालेला संदेश जसाच्या तसा मेंदूत पोहोचत नाही. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं. ते कमीजास्त उघडतं, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्याची उघडझाप करतात. म्हणजे भीती, लक्ष, त्या दुखण्याला आपण दिलेला अर्थ, हे सगळं वेदनेच्या तीव्रतेत मिसळलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर काम केलेल्या हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरने याआधीच नोंदवलं होतं की गंभीर जखमी सैनिकांपैकी बरेच जण मॉर्फिन मागत नाहीत. मायदेशी इस्पितळात शस्त्रक्रिया झालेले साधे नागरिक मात्र मागतात. त्याचा अंदाज असा, की सैनिकासाठी जखम म्हणजे लढाईतून सुटका होती आणि नागरिकासाठी ते संकट होतं.

आता विचारप्रक्रियेकडे येऊ. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येतील अशा गोष्टी थोड्याच असतात. लहानशा ओट्यावर मोठं पातेलं ठेवलं की पोळपाटाला जागा उरत नाही, तसं वेदना त्या जागेवर बस्तान मांडते. तिचं कामच ते आहे. हातातलं सगळं सोडून माझ्याकडे बघ, हे सांगण्यासाठीच ती उत्क्रांतीत टिकली. त्यात ताणाची रसायनं वाढली की कपाळामागचा मेंदूचा भाग मंदावतो. पुढचा विचार करणं, पर्याय तोलणं, घाईला आवर घालणं ही कामं याच भागाकडे असतात. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राच्या सीमेवर काम करणाऱ्या जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९६ मध्ये वेदना, भूक, तल्लफ, राग अशा सगळ्या 'आतून येणाऱ्या' रेट्यांबद्दल लिहिलं, त्याचा गाभा असा: रेटा वाढला की माणूस 'आत्ता'पुरता उरतो, उद्या पुसट होतो.

माझे मामा नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात आहेत. सेकंड शिफ्ट करून घरी आले, जेवले आणि रात्री कमरेपासून जांघेपर्यंत कळ सुरू झाली. मुतखडा. ज्यांना झालाय त्यांना वेगळं सांगायला नको. इंदिरानगरहून दवाखान्यापर्यंत मामा रिक्षात धड बसलेही नव्हते आणि उभेही नव्हते, कारण या कळेला कोणतीच बाजू मानवत नाही. सोनोग्राफीत चार-पाच मिलिमीटरचा खडा दिसला. ड्युटीवरचे डॉक्टर तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, 'काय कापायचं ते कापा, पण आत्ता कापा. कुठंय तो फॉर्म?' मामीने पर्समधून पेनही काढलं.

डॉक्टर वयाने लहान होते, पण जाणते. म्हणाले, 'काका, आधी इंजेक्शन घेऊ. सही-बिही अर्ध्या तासाने.'

इंजेक्शन लागू पडलं तसा मामांचा चेहरा सैल झाला आणि एकामागून एक प्रश्न सुरू झाले. हा खडा आपोआप पडतो का? किती दिवस वाट बघायची? तोवर कामावर गेलेलं चालेल का? कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसतं का? डॉक्टरांनी सांगितलं की एवढा लहान खडा बहुतेक वेळा लघवीवाटे पडून जातो. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर एक मिनिट थांबायचं नाही. मामांनी ते वाक्य डॉक्टरांकडून दोनदा म्हणवून घेतलं. खडा जिथल्या तिथेच होता. फक्त वेदना कमी झाली होती, आणि तेवढ्याने कापायला निघालेला माणूस सुट्ट्या मोजू लागला.

जाता जाता एक सांगतो. पोटात दुखत असेल तर सर्जनने तपासेपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, नाहीतर निदान चुकतं, असं पूर्वी शिकवलं जायचं. नंतरच्या अभ्यासांत ही भीती खरी ठरली नाही. तरी घरोघरी ती अजून आहे, 'गोळी देऊ नका, दुखणं दबून जाईल.'

यातली खरी गंमत अशी, की बरं वाटत असताना आपल्याला वेदनेतला 'आपण' ओळखू येत नाही. बाळंतपणाबद्दल १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वेदनाशामक भूल हवी का, हे बायकांना प्रसूतीच्या महिनाभर आधी विचारलं, तर बहुतेकींचा कल नको असा. प्रत्यक्ष कळा ऐन जोरात आल्यावर कल हवी असा. आणि बाळ महिन्याचं झाल्यावर विचारलं तर पुन्हा नको! यातली कुठली बाई खरी? माझ्या मते तिन्ही. म्हणून 'आधी तर म्हणत होतीस नको, आता का मागतेस' असं लेबर रूमच्या दारात उभं राहून म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आणि पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीजबाबाला आपला पुरावा कायदा आरोपीविरुद्धचा पुरावा मानत नाही, त्यामागे हेच शहाणपण आहे. मार थांबावा म्हणून माणूस काहीही कबूल करतो.

मागे वळून पाहताना तर वेदनेचा हिशेब आणखीनच वेगळा लागतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, आणि वर आणखी तीस सेकंद. या तीस सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशाने वाढवलं. तिसऱ्यांदा यातलं कुठलं सोसाल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली दुसरी खेप निवडली. आपली आठवण एकूण किती वेळ दुखलं हे मोजत नाही. सगळ्यात वाईट क्षण आणि शेवट, एवढंच धरून ठेवते. डेंटिस्टने शेवटची पाच मिनिटं हळुवारपणे काढली तर पेशंट सहा महिन्यांनी परत येतो. शेवटी कळ निघाली तर दाढ पडेपर्यंत येत नाही.

पण माणसाला खरं खचवतं ते दुखण्यापेक्षा आपल्या हातात काही नसणं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर काही प्रयोग केले (आज ते करू देणार नाहीत, आणि बरंच आहे). काही कुत्र्यांना विजेचा झटका बसे आणि नाकाने फळी दाबली की तो थांबे. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांनाही नेमके तेवढेच आणि तेवढाच वेळ झटके, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर दोघांनाही अशा खोक्यात ठेवलं जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले पटकन उडी मारायला शिकले. दुसऱ्यातले बरेचसे पडून राहिले. वेदना दोघांची सारखीच होती, फरक होता फळीचा.

याला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं आणि ते मोटिवेशनवाल्या वक्त्यांनी पार झिजवलं. पण पुढची गोष्ट ते सहसा सांगत नाहीत. याच दोघांनी जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवर दरम्यान झालेलं संशोधन समोर ठेवून लिहिलं की आपलं मूळ स्पष्टीकरण उलटं होतं. त्रास लांबला की हातपाय गाळून बसणं ही मेंदूची शिकावी न लागणारी, आपसूक प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. कपाळामागच्या भागाला ते एकदा उमगलं, की तो ही प्रतिक्रिया घडवणाऱ्या मेंदूतल्या खालच्या केंद्राला आवरतो. 'इतके वर्षं सोसलंस, उठून काहीतरी का केलं नाहीस' हा प्रश्न त्यामुळे चुकीच्या टोकाने विचारला जातो. आपल्या कृतीने फरक पडल्याचा अनुभव त्या माणसाला कधी मिळाला होता का, हे आधी विचारायला हवं.

हे नियंत्रण वापरावंही लागत नाही, ही त्यातली सगळ्यात मजेची बाब. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना अचानक सुरू होणारा कर्कश आवाज ऐकवत कामं दिली. काहींजवळ एक बटण होतं: दाबलं तर आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला, पण नंतरच्या किचकट कामात बटणवाले जास्त वेळ तग धरून राहिले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. लग्नसराईत मंगल कार्यालयाशेजारी राहणाऱ्यांना हे पटेल. डीजे दहाला नक्की बंद होणार म्हटलं की साडेनऊचा आवाज निम्मा वाटतो.

ठाऊक नसणं हे वाईट ठाऊक असण्यापेक्षा जड जातं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक संगणकी खेळ रचला. दगडाखाली साप निघाला की हाताला झटका. ताण सर्वाधिक कधी होता? झटका बसणार हे नक्की असताना नव्हे, तर शक्यता अर्धी-अर्धी असताना. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर 'डॉक्टर येतील, मग सांगतील' हे ऐकत बसलेल्या नातेवाइकांना हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही.

हातात काही उरलं नाही की माणूस आकृत्या शोधू लागतो. २००८ मधल्या एका प्रयोगमालिकेत लोकांना आधी नियंत्रण गमावल्यासारखं वाटायला लावलं. मग त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गर्दीतही चित्रं दिसू लागली, योगायोगांत कटही दिसू लागले. त्याच्या कितीतरी आधी मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर पाहिलं होतं की शांत खाडीत मासे पकडताना लोक मंत्रतंत्राच्या भानगडीत पडत नाहीत, खोल समुद्रात जाताना मात्र विधी चुकवत नाहीत. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला देशभरातून माणसं येतात. त्यातल्या अनेकांमागे डॉक्टर करून झालेले असतात, कोर्ट करून झालेलं असतं. कुणाच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही. पण त्या अवस्थेतल्या माणसाला गाठणारा भोंदू नेमका कुठे वार करतो, ते यातून कळतं. तो आधी कारण देतो, मग करायला काहीतरी देतो. दोन्हींची तहान लागलेली असते. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे देणं गुन्हा ठरवलं, ते याच क्षणासाठी.

आता पैशाचं दुखणं. निफाड-चांदवड पट्ट्यात उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात काढून चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणीच्या शेडमध्ये, भरतात आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत थोडाथोडा बाजारात नेतात. समजा क्विंटलमागे खर्च निघायला पंधराशे हवेत आणि लासलगावच्या बाजारात लिलावाचा पुकारा हजारावर थांबला. ट्रॉली परत न्यायची तर भाडं अंगावर. चाळीत सड सुरू झालेली. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली. या दोन्ही तारखा ठरवणारी खुर्ची शेतकऱ्याच्या हाकेच्या अंतरावर नव्हती. अशा वेळी एक जण म्हणतो, 'जाऊ दे, काय येतील ते येतील, चाळ मोकळी करा.' दुसरा म्हणतो, 'आता गोल्टीसुद्धा विकत नाही, बघू काय व्हायचं ते.' (गोल्टी म्हणजे बारीक कांदा.) दोन टोकं दिसतात, पण मूळ एकच आहे: समोरची बोच नको.

दुसऱ्या टोकामागचं गणित कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. तीन हजार नक्की गमवायचे, की चार हजार गमावण्याची ८० टक्के शक्यता घ्यायची? सरासरीने दुसरा पर्याय महाग पडतो, तरी विचारलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांनी तोच घेतला. नफ्यात जपून चालणारा माणूस तोट्यात जुगार खेळतो. आणि पैशाची चणचण डोक्यातला तो लहानसा ओटा कसा व्यापते, हे तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरच्या २०१३ मधल्या अभ्यासात दिसलं. त्याच शेतकऱ्यांनी तोडणीआधीच्या तंगीत बुद्धीच्या चाचण्या वाईट सोडवल्या आणि पैसे हाती आल्यावर चांगल्या. शहरातल्या चहाच्या टपरीवर 'शेतकऱ्याला नियोजनच जमत नाही' असं म्हणणाऱ्यांनी आपला पगार दोन महिने अडकल्यावर काय काय केलं, ते आठवून बघावं.

उपाय काय, तर फार मोठे नाहीत. शक्य तिथे वेदना आधी कमी करणं आणि निर्णय नंतर घेणं. जिथे शक्य नाही तिथे निर्णय वेदनेच्या आधी घेऊन लिहून ठेवणं. कांदा भरतानाच तीन हिस्से ठरवून, पहिला अमुक महिन्यात भाव काहीही असो विकायचा असं घरात ठरलं, तर पुकाऱ्याच्या क्षणी डोकं कमी तापतं. आणि नियंत्रणाचा एखादा तुकडा तरी हातात देणं. डेंटिस्ट म्हणतात, 'दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन,' आणि थांबतात, म्हणून बहुतेकांना हात वर करावा लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णालयांत वेदनाशामकाचा पंप देतात, त्याचं बटण रुग्णाच्याच मुठीत असतं. किती वेळा दाबलं तरी ठरलेल्या वेळेआधी पुढचा डोस जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. नर्सला हाका मारत राहण्यापेक्षा हे रुग्णांना जास्त आवडतं.

राहिला सह्यांचा विषय, आणि नाशिकच्या आसपास जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून तो नाजूक झालाय. आजारी आईच्या किंवा आत्याच्या उशाशी हक्कसोडपत्र घेऊन जाणारे कमी नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १६ इथे उपयोगी पडतं. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेशामुळे, मग ते तात्पुरतं का असेना, जिची मानसिक क्षमता बाधित झालीय अशा व्यक्तीशी करार करणारा माणूस तिच्यावर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत आहे, असं ते मानतं. तसा माणूस गैरवाजवी फायदा घेताना दिसला, तर दडपण आणलं नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. पंचाईत अशी, की डॉक्टरांचा दाखला सहसा 'शुद्धीवर आणि मानसिकदृष्ट्या सक्षम' एवढंच सांगतो, आणि असह्य दुखत असलेला माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. म्हणून घरात अशी सही खरोखरच हवी असेल, तर दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं की दुखणं सगळ्यात कमी दिवसाच्या कुठल्या वेळी असतं. कागद त्या वेळी वाचून दाखवावा, एक दिवस मध्ये जाऊ द्यावा आणि मगच दुय्यम निबंधकांना घरी बोलावावं. तशी सोय नोंदणी कायद्यात आहे.